साक्षीवरची वीतभर माती

ओवरसेरनं माझ्या धाकट्या बहिणीला मातीच्या खांबावर उभं केलं, तेव्हा सकाळचे नऊ-दहा वाजले असतील. ती नऊ वर्षांची होती. अंगात माझा जुना झंपर, गुडघ्यापर्यंत आलेला. पायात काही नाही.

"फार मोजता येतं का तुला? मग उभी राहा इथं. संध्याकाळपर्यंत. साक्षीदार व्हायचंय ना? हो साक्षीदार."

खड्ड्यात आम्ही साठ-सत्तर माणसं होतो. गुत्तेदाराचा माणूस छत्री धरून ओवरसेरच्या मागं उभा होता. तो म्हणाला, "साहेब, या लोकांच्या पोरी बी आता मोजमाप करायल्यात. उद्या तुमची खुर्ची मागतील." लोक हसले. वरच्या आळीचे हसले, आमचेही हसले. मी हसले नाही. पण बोललेही नाही. टोपलं डोक्यावर घेतलं आणि चालू लागले.

ऊन चढलं. ती खांबावर तशीच. खांबाचा माथा म्हणजे परातीएवढी जागा. बसायला येत नाही, पाय हलवता येत नाही. माय पाणी घेऊन गेली तर मुकादमानं तिला मागं ढकललं. दुपारी पोरीला उभ्या उभ्या लघवी झाली. ओघळ खांबाच्या कडेनं खाली आला. तेव्हा परत हसले.

ती रडली नाही. मला वाटत होतं रडावं. रडली असती तर खाली उतरवली असती.

दिवस मावळताना तिला उतरवलं. घरी जाताना ती माझं बोट धरून चालत होती. गावच्या रस्त्याला लागलो तेव्हा तिनं विचारलं, "आक्का, माझं कुठं चुकलं?"

मी म्हणाले, "दोरीला झोळ आला असंल."

हे मी खोटं बोलले. तिचं काही चुकलं नव्हतं. मला ते माहीत होतं. त्या दिवशी त्या खड्ड्यात ते माहीत असलेल्या बाया दोनच होत्या. त्यातली एक मी.

हे सांगायला पन्नास वर्षांच्या वर गेली. मी चौथी शिकले. लिहायला वेळ लागतो, वेलांट्या चुकतात. आकडे चुकणार नाहीत.

तो मोठ्या दुष्काळाचा काळ. विहिरींचे तळ दिसत होते. सरकारनं गावोगाव कामं काढली. आमच्या गावाच्या वर, दोन टेकड्यांच्या मध्ये, तलावाची भिंत घालायचं काम निघालं. मातीची भिंत. तिच्या पोटात मधोमध चिकणमातीचा गाभा भरायचा. पाणी अडवतो तो गाभा. बाकी बाहेरून मुरूम. गाभ्याची चिकणमाती एकाच खड्ड्यातून यायची आणि त्या खड्ड्यात जास्त करून आमच्या वाड्याच्या, गावकुसाबाहेरच्या, बाया होत्या.

खड्डा किती खोल खणला ते कसं कळणार? म्हणून खणताना मधे मधे मातीचा एकेक खांब तसाच सोडायचा. त्याच्या माथ्यावर जुनं गवत असतं. म्हणजे जमीन आधी इतकी उंच होती, याची ती साक्ष. त्याला मटाम म्हणायचे. ओवरसेर, म्हणजे कामावरचा सरकारी मोजणीसाहेब, येणार, मटामाला पट्टी लावणार, उंची लिहिणार. सगळ्या मटामांची सरासरी म्हणजे खड्ड्याची खोली. जेवढा खड्डा, तेवढी चिकणमाती भिंतीच्या पोटात गेली, असं कागदावर चढणार.

आमच्या खड्ड्यात पाच मटाम होते.

पुरुषभर खोल जायचा हुकूम होता. त्याच्या आधीच खाली मुरूम लागला. चिकणमाती संपली. दुसरी चिकणमाती होती, पण ओढ्यापलीकडं, लांब. गुत्तेदाराला तिकडून आणायची नव्हती. ओवरसेरला पण घाई होती. एका दुपारी मुकादम माझ्याजवळ आला. मी तेव्हा सतरा वर्षांची. हात चपळ होता माझा.

"पोरी, मटामाला टोप्या घाल. वीतभर. वरून हरळी लाव मुळासकट. जुनं दिसलं पायजे."

मी म्हणाले, "मामा, साक्षीला कशी टोपी घालायची?"

"घालायची न्हाई तर उद्या तुजं, तुज्या मायचं नाव कामावर न्हाई. घरी बसा."

कौसाबाई माझ्याबरोबर होती. माझ्याच वयाची. आम्ही दोघींनी केलं. बांधावरची वाळलेली हरळी खुरप्यानं मुळासकट उचलली. मटामाच्या माथ्यावर वीतभर माती थापली, वर ती हरळी बसवली. माती धरून राहावी म्हणून कौसाबाईनं तांब्याभर पाणी ओतलं. प्यायला घोटभर पाणी मिळत नव्हतं आणि आम्ही ते खोट्यावर ओतलं. पाचही मटाम वीतभर वाढले.

गाभ्याचा वरचा भाग मुरमानं भरला. त्यावर माती पसरली. वरून बघणाऱ्याला कळणार नाही.

त्या दिवशी सुकडी, मजुरांना मिळायचं ते भरड खाणं, वाटताना मुकादमानं मला एक पळी जास्त दिली. मी घेतली. त्यातली अर्धी बहिणीला दिली. तिनं विचारलं, "आज जास्त कशी?" मी म्हणाले, "खा."

तिचं नाव गया.

गयाला मोजायचं वेड होतं. टोप्या घातल्यावर ओवरसेर मोजायला यायला चार दिवस गेले, तेवढ्यात तिनं काय केलं ते मला नंतर कळलं. खड्ड्याच्या या काठापासून त्या काठापर्यंत दोरी ताणायची. दोरीवरून एकेक ढांग सरकायचं. प्रत्येक ढांगेला काठी सोडून दोरीखाली खड्डा किती खोल ते बघायचं. असे खड्ड्याचे काप पाडायचे, दुधी भोपळ्याच्या फोडी करतो तसे. एकेका फोडीचं माप काढायचं आणि बेरीज करायची. सगळं पाटीवर. मग तिनं आणखी एक केलं. तेच सगळं अर्ध्या ढांगेनं परत मोजलं. दुप्पट फोडी. दोन बेरजांत थोडाच फरक आला. त्यावरून तिनं ठरवलं की आपल्यात चूक आहे, पण थोडी आहे.

हे तिला कुणी शिकवलं नव्हतं. पुढं मोठमोठे लोक तिला विचारायचे, तुम्हाला हे पहिल्यांदा कधी सुचलं. ती हसायची, सांगायची नाही.

तिनं काठापासून मोजलं. मटामावरून मोजलं नाही. म्हणून माझी वीतभर माती तिच्या मोजणीत आली नाही.

ओवरसेर पट्टी लावून आकडा लिहायला लागला, तेव्हा ती पाटी घेऊन पुढं झाली. नऊ वर्षांची पोरगी. म्हणाली, "साहेब, खड्डा एवढा खोल न्हाई. माज्यात बी चूक हाय, पण ती बोटभर. तुमची वीतभर हाय."

ओवरसेरनं पाटी हातात घेतली. बघितली. मला वाटतं त्याला कळलं. तो शिकलेला होता. त्यानं पाटीवर पाणी ओतलं, झंपराच्या टोकानं पुसून घेतली, तिच्याच झंपराच्या. मग मटामाला सगळ्यांसमोर परत पट्टी लावली. "बघ. ही साक्ष खोटी का तू खोटी?"

सगळ्यांनी बघितलं. पट्टी खरी होती. मटाम उभा होता. वर गवत होतं.

मग तिला त्याच मटामावर उभं केलं. माझ्या मातीवर.

गया शिकली. कशी ते सांगत बसत नाही. परभणीला वसतिगृहात राहिली, स्कॉलरशिप मिळत गेली, दिवाळीच्या सुट्टीत कापूस वेचायला घरी यायची. मला जिंतूरकडं दिलं होतं, चार वर्षांत परत आले. ती वेगळी गोष्ट आहे. नंतर मी मानवतला जिनिंगमध्ये काम केलं. केसांत कापूस घेऊन घरी यायची आणि तिची पत्रं बोट ठेवून वाचायची.

एका पत्रात तिनं लिहिलं होतं: "आक्का, दोरीचा झोळ किती येतो त्याचं गणित आज मला आलं. तेवढ्या लांबीच्या दोरीला झोळ दोन बोटं येतो. लय ताणली नसेल तर चार. वीतभर येत नाही. मग माझं कुठं चुकलं असेल?"

मी ते पत्र चुलीत घातलं. उत्तरात लिहिलं, तब्येतीला जप.

दुसरं एक पत्र आठवतं. ती विद्यापीठात होती. गणिताचे मोठे सर होते, त्यांनी तिला विषय विचारला. तिनं सांगितलं, जी गणितं सरळ सुटत नाहीत त्यांची उत्तरं जवळजवळ कशी काढायची आणि त्यात चूक किती हे कसं सांगायचं, ते करायचंय. सर सगळ्यांसमोर म्हणाले, "हे गणित नव्हे. ही कारकुनी. अंदाजपंचे. तुमच्या लोकांना तेवढं जमेल, करा." बाकीची पोरं उंच गणित करायची. गया एका खोलीत बसून मूठ फिरवायच्या यंत्रावर आकडे काढायची. दिवसभर मूठ फिरवून तिच्या मनगटाला सूज यायची. मी जिनिंगमध्ये, ती तिथं. काम सारखंच.

पण तिनं सोडलं नाही. मला ती सोप्या शब्दांत सांगायची. जगातली बहुतेक गणितं सरळ सुटतच नाहीत. आधी एक अंदाज घ्यायचा. त्याची चूक बघायची. चुकीवरून नवा अंदाज. परत चूक. असं करत करत खऱ्याच्या जवळ जायचं. खऱ्याला हात लागत नाही, पण आपण किती लांब आहोत ते सांगता आलं पाहिजे. ती ज्या कामात होती तिथं आधीचे लोक उत्तर काढून थांबायचे. तिनं उत्तराच्या शेजारी त्याची चूकही लिहायची रीत घालून दिली. मातीतून पाणी कसं झिरपतं, हे तिचं खास काम. पुढं कॉम्प्युटर आले, तर तिनं दाखवलं की कॉम्प्युटरही आकडे खाताना प्रत्येक घासाला थोडं सांडतो आणि ते सांडलेलं कुठं साठतं. तिच्या नावाची रीत पुस्तकात छापली. परदेशात बोलावणी आली. कारकुनी म्हणणारे सर म्हातारपणी तिच्या शेजारी फोटो काढायला उभे राहिले. तो फोटो माझ्याकडं आहे. गया त्यात कॅमेऱ्याकडं बघत नाही.

गणितातली डॉक्टर होऊन ती गावात आली की लोक म्हणायचे, "डॉक्टरीनबाई, गुडघा बघा की जरा." ती म्हणायची, "मामा, किती दुखायलाय ते तुमी सांगा. त्यात चूक किती हाय ते मी सांगते." लोक हसायचे. तीही हसायची. मी मात्र तिनं चूक हा शब्द उच्चारला की उठून आत जायची.

आयुष्यभर ती चूक शोधत राहिली. चूक माझ्याकडं होती.

आता तलावाचं सांगते.

काम संपल्यावर गावानं आमच्या वाड्याला नवी जागा दिली. कुठं? भिंतीच्या खाली. चाळीस घरं. वरच्या आळीची घरं टेकडीच्या उतारावर, तिथं पाणी कधी पोचणार नाही. आम्ही खूश होतो. हापसा जवळ आला, ओल मिळाली. भिंतीच्या पायथ्याशी एका ठिकाणी पाणी पाझरायचं. बाया तिथं धुणं धुवायच्या.

मानवतचं काम सोडून मी गावी परत येऊन राहिले तेव्हा गयानं मला एक काम लावून दिलं. एक घागर आणून दिली, एक घड्याळ. तलावाचं पाणी काठाच्या पायऱ्यांपैकी बरोबर तिसऱ्या पायरीला आलं की पाझराखाली घागर धरायची. भरायला किती सेकंद लागतात ते वहीत लिहायचं. पाणी स्वच्छ आहे का मळकट, तेही लिहायचं. बाकी काही नाही. मी दर साली केलं. ती घागर कुणाच्या लग्नात दिली नाही. भावकीतल्या सुनांनी, शेजारणींनी नावं ठेवली. "आक्काची घागर सोन्याची हाय का?" पोचा पडला तर मोजणी गेली, हे कुणाला सांगणार?

पहिल्या साली तीनशेच्या वर. मग दोनशे ऐंशी, दोनशे चाळीस. बरीच वर्षं तशीच. मग उतरायला लागलं, म्हणजे पाझर वाढत चालला. मागच्या साली एकशे तीस. यंदा सत्तर. आणि यंदा पाणी मळकट आलं.

मी फोन केला. गया आता पुण्याला असते, रिटायर झाली आहे. तिनं मला दोनदा विचारलं. "मळकट म्हंजी कसं? तळहातावर घे. वाळू दे. माती ऱ्हाती का?"

"ऱ्हाती."

"आक्का, पाणी नुसतं येत न्हाई मग. आतली माती घेऊन येतंय." मग ती म्हणाली, "माझं गणित म्हणतंय घागर अजून दोनशेला भराया पायजे. तू सत्तर सांगायलीस. तुझ्या मोजण्यात चूक धरली तर पाच-सात. बाकीची कुठून आली? मोजमापाच्या पुस्तकात गाभ्याची माती लिवलीय तेवढी जर आत असंल, तर असं व्हतच न्हाई."

मी वहीचं पान उलटलं.

"लहानपणी मी खड्डा मोजला होता, तो आकडा मी एकदा घालून बघितला. जुळत होतं. पण ती नऊ वर्षांच्या पोरीची मोजणी. साक्षीनं खोटी ठरवलेली. टाकून दिली मी."

तेव्हा तरी बोलायचं. नाही बोलले. म्हणाले, "माजंच मोजणं चुकत असंल. वय झालं."

दुसऱ्यांदा खोटं बोलले.

महिन्याभरात गावात कार्यक्रम ठरला. तलावाचं सुशोभीकरण. भिंतीवर चालायला वाट, बसायला बाकं, दिवे. आणि सांडव्यावर दोन फूट भिंत, म्हणजे पाणी जास्त साठेल, वरच्या शेतांना मिळेल. सांडवा म्हणजे तलाव भरल्यावर जास्तीचं पाणी जिथून निघून जातं ती जागा. ती दोन फूट वर घेतली की ते सगळं पाणी भिंतीला टेकून उभं राहणार. आणि भिंतीखाली आम्ही.

त्याच कार्यक्रमात गयाचा सत्कारही ठेवला. फलकावर तिचा फोटो, खाली "गावची लेक, गणिताची शान". ती आली नाही. तिच्या वतीनं मला बोलावलं. शाळेच्या अंगणात मांडव. पुढं खुर्च्या, मागं सतरंजी. मला सतरंजीवर बसवलं आणि नाव पुकारल्यावर वर नेलं. शाल, नारळ. सरपंच माईकवर म्हणाले, "गयाबाईंनी जगाला गणित शिकवलं. आन त्यांचं पयलं गणित आपल्याच तलावाच्या खड्ड्यात झालं." टाळ्या. त्या गणिताचं काय झालं ते कुणी सांगितलं नाही. बघितलेले होते की मांडवात एक-दोन म्हातारे. टाळ्या वाजवत होते.

मग साहेब उठले. तालुक्याहून आलेले, तरुण, इस्त्रीचा शर्ट. त्यांच्या हातात कागद. त्यांनी वाचून दाखवला. भिंतीचं काम आमच्या डोळ्यांसमोर, मापाप्रमाणे, चिकणमातीचा पूर्ण गाभा भरून झालं, असं आम्ही त्या वेळचे मजूर लिहून देतो. सांडवा वाढवायचा तर भिंत पक्की असल्याचा कागद लागत होता, आणि भिंत उघडून तपासायची तर वेळ जाणार होता. त्याऐवजी म्हाताऱ्यांची साक्ष फायलीला लागणार होती. त्या कामावरची तीन माणसं गावात उरली. एका म्हाताऱ्यानं सही केली होती. कौसाबाईनं अंगठा दिला होता.

कारकुनानं शाईची डबी उघडून माझ्यापुढं ठेवली.

मी पेनासाठी हात पुढं केला.

"आजी, अंगठा द्या. अंगठा बरा पडतो."

सरपंच हसत म्हणाले, "बहीण जगाला गणित शिकवती आन आक्का अजून डबीत अंगठा बुडवती. चालायचंच. समदी अक्कल एकीनंच नेली." मांडव हसला.

तोच आवाज. खड्ड्यातला. पन्नास वर्षं मी तो कानात घेऊन फिरले, मला ओळखता येतो.

आणि त्या हसण्यात मला कळलं की हे माझ्याकडं तेच मागतायत. तेच. मटामाला टोपी घाल. वरून हरळी लाव. जुनं दिसलं पाहिजे. तेव्हा जास्तीची पळी दिली, आता शाल.

मी शाल काढली. घडी केली आणि टेबलावर ठेवली. नारळ त्यावर ठेवला. माईक माझ्यासमोर होताच.

मी म्हणाले, "या कागदात लिवलंय ते खोटं हाय. खड्डा तेवढा खोल नव्हता. पाच मटामावर वीत वीत माती मीच थापली. या हातानं. भिंतीच्या काळजात मुरूम हाय. गया खरी बोलली होती. तिला तुमी दिवसभर उनात हुबं केलं. मी सही करणार न्हाई."

कुणीतरी माईक बंद केला. मी तरी बोलत राहिले. आवाज माझा मोठा आहे, जिनिंगमध्ये यंत्रावरून बोलायची सवय.

साहेब म्हणाले, "आजी, तुमचं वय झालंय. आठवणीत घोटाळा होतो."

मी म्हणाले, "व्हय. म्हणून आठवणीवर जाऊ नका. भिंत उकरून बघा."

साहेबांनी कागद फायलीत सरकवला. सरपंच म्हणाले, "म्हातारी, चौथी शिकलीस तू. इंजिनिअरला शिकवायलीस व्हय?"

"गया दुसरीत व्हती," मी म्हणाले आणि खाली उतरले.

घरी पोचायच्या आत बातमी पोचली होती. वाड्यातली पोरं, माझ्याच नात्यातली, दारात उभी होती. एकजण म्हणाला, "आक्का, म्हंजी चोर तूच की. आमाला मारायला निघाली व्हतीस." मी म्हणाले, "व्हय." दुसरं काय म्हणणार? कौसाबाई आली, ओट्यावर बसली आणि तिनं डोक्याला हात लावला. "आक्के, आपून दोघीच ऱ्हायलो. कशाला उकरून काढायलीस? मेल्यावर कळलं असतं तर कळलं असतं."

"कौसे, मेल्यावरच कळणार हाय. फकस्त कोण कोण मेल्यावर ते ठरायचंय."

ती उठून गेली. तीन दिवस बोलली नाही. चौथ्या दिवशी आली, आणि माझ्या पाटीवर तिचं नाव गिरवायला बसली. अंगठा परत घ्यायचा तर सही यायला पाहिजे, म्हणाली.

गयाला फोन मी त्याच दुपारी केला होता, कार्यक्रमावरून आल्या आल्या. उंबऱ्यावर बसून. सगळं सांगितलं. टोप्या, हरळी, तांब्याभर पाणी, जास्तीची पळी.

मग तिनं विचारलं, "किती?"

"काय किती?"

"माती. एक वीत का दीड? तुझी वीत का मुकादमाची? पाची मटामाला सारखी का कमीजास्त?"

मी सांगितलं. माझी वीत. चार मटामांना एकेक, ओढ्याकडच्याला सव्वा. ती लिहून घेत होती. पेनाचा आवाज आला.

मग म्हणाली, "म्हंजी दोरीला झोळ नव्हता."

"न्हाई."

तिनं फोन ठेवला.

मला माफ केलं का, ते मी विचारलेलं नाही. तिनंही सांगितलं नाही. विचारणार नाही.

दोन दिवसांनी तिचा फोन आला. आवाज कोरडा, विद्यार्थ्यांशी बोलते तसा. "आक्का, नवा आकडा घातला. घागर सत्तरला भरती. तुझं मोजणं बरोबर हाय. आता ऐक. सांडवा हाय तसा ठेवला तर काही वर्षं निघतील, तेवढ्यात भिंत दुरुस्त करता येती. सांडवा दोन फूट वर घेतला तर भिंत टिकायची न्हाई. कवा ते नेमकं सांगता येत न्हाई. चूक एका पावसाळ्याची हाय. याच साली, न्हाईतर पुढल्या."

तिनं तेच सगळं लिहून, आकडे, चुकीसकट, वरच्या हापिसात पाठवलं. उत्तर आलं. उत्तरात लिहिलं होतं की मॅडमबद्दल आदर आहे, परंतु एका अशिक्षित वृद्धेच्या सांगण्यावर आणि घागरीच्या मोजणीवर शासकीय मोजमाप खोटं धरता येणार नाही. मोजमापाच्या पुस्तकात पाच मटामांची नोंद आहे.

आहे. मी केलेली.

मग मी माझी साक्ष माझ्या हातानं लिहिली. दीड पान झालं. त्यात माझा गुन्हा पहिल्या ओळीत लिहिला, म्हणजे कुणाला शोधावा लागायला नको. खाली सही केली. त्याखाली कौसाबाईनं सही केली, तिच्या आयुष्यातली पहिली, अक्षरं भिंतीवर चढलेल्या मुंग्यांसारखी. एक प्रत ग्रामपंचायतीच्या दारावर डकवली. फाडली. परत डकवली. आता रोज सकाळी डकवते. फाडणारा दमेल, मी दमणार नाही. मला दुसरं काम नाही.

वाड्यात घरोघर गेले. सांगितलं, धान्याची पोती आणि कागदपत्रं टेकडीवरच्या विहारात नेऊन ठेवा. पोरं पावसाळ्यात तिकडं झोपवा. काहींनी ऐकलं. काहींनी दार लावून घेतलं. एकजण म्हणाला, "इतकी वर्षं हुबी हाय की भिंत." मी म्हणाले, "मटाम बी हुबा व्हता."

सांडव्यावर खडी येऊन पडली आहे, वाळू पण. सोमवारी काम सुरू होणार, असं दवंडीवाल्या रिक्षानं सांगितलं.

आज सकाळी पाणी तिसऱ्या पायरीला होतं. घागर अडुसष्टला भरली. पाणी मळकट. माझ्या मोजण्यात चूक धरली तरी दोन-तीनची, त्याहून जास्त नाही. वहीत लिहिलं, गयाला कळवलं. घागर कौसाबाईकडं ठेवायला दिली. घड्याळ आणि वहीही दिली. कसं मोजायचं ते दोनदा दाखवलं.

सोमवारी सकाळी नऊ वाजता मी सांडव्यावर जाणार आहे. जिथं नवी भिंत उठायची आहे, बरोबर त्या जागी उभी राहणार. मला कुणी उभं केलं म्हणून नाही. हसणाऱ्यांनी हसावं. पाणी कुणी दिलं नाही तरी चालेल. आधी भिंतीचा गाभा उकरून सगळ्यांसमोर दाखवा, मग सांडव्याला हात लावा, एवढंच म्हणणं आहे.

गया दिवस मावळताना उतरली होती. मी मावळतीलाही उतरणार नाही.